घरासाठी घराबाहेर

"मी घरासाठीच तर घराबाहेर राहायलोय," हे वाक्य मालोजीभाऊंनी आमच्या बिल्डिंगमध्ये इतक्यांदा म्हटलंय, की ते जिन्याच्या भिंतीवर रंगवून घेतलं असतं तरी चाललं असतं. त्यांचा घसा वाचला असता आणि आमचे कान.

मालोजीभाऊ आमच्या समोरच्या दारात राहतात. मोशीत, तिसऱ्या मजल्यावर. चाकणहून नव्या कोऱ्या मोटारी भरलेला लांबलचक ट्रेलर घेऊन ते हरियाणा, आसाम, मिळेल तिकडे जायचे. रात्रभर चालवायचं आणि दिवसा ट्रेलरच्या सावलीत झोपायचं. ड्रायव्हर लोक याला 'लाइन' म्हणतात. लाइनवर असतो तो ड्रायव्हर, आणि रोज संध्याकाळी घरी येतो तो 'लोकल'. लोकल हा शब्द मालोजीभाऊ अशा तोंडाने उच्चारायचे, जणू घासात खडा आला.

काम कष्टाचं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते घरी परतलेल्या मालोजीभाऊंबद्दल.

चाकणच्या यार्डात ट्रेलर लागला की घरी फोन यायचा. मग वर्षालीवहिनी मटण आणायला पळायच्या, भाऊंची आई चादरी बदलायची, आणि पिंकीला, म्हणजे त्यांच्या पहिलीतल्या मुलीला, आवाज न करता खेळायची ताकीद मिळायची. भाऊ दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या, तुकडा त्यांच्यावरून ओवाळायच्या आणि गॅलरीतून खाली टाकायच्या. लांबून आलेल्या माणसाबरोबर आलेली बाधा घराबाहेर राहावी, म्हणून हा रिवाज. गॅलरीखाली सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर असायची. आसामपासूनची सगळी बाधा त्या स्कूटरच्या सीटवर जमा.

मग मुक्काम संपेपर्यंत घरात पाहुणा. पाणी बसल्या जागी, चहा बसल्या जागी, रिमोट मांडीखाली. नळाला पाणी कधी येतं, ओला कचरा कुठल्या बादलीत जातो, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. एकदा मोठ्या हौसेने पिंकीला शाळेत सोडायला गेले आणि शेजारच्या शाळेच्या वॉचमनशी भांडून आले, की आमच्या पोरीला आत का घेत नाही. पिंकी बिचारी सांगत होती, "बाबा, ही माझी शाळा नाही." पण लाइनवरच्या माणसाला रस्ता सांगायचा नसतो.

सगळं सुखात चाललं होतं, म्हणजे त्यांच्या सुखात. मग त्यांची आई धाकट्या सुनेच्या बाळंतपणासाठी अहमदपूरला गेली आणि नातवात रमून तिथेच राहिली. आता पिंकीला दुपारी शाळेतून आणणार कोण, तिला खायला देणार कोण? कारण वहिनीही कामाला जातात. चाकणला वायरिंग हार्नेसची कंपनी आहे, तिथे मोटारीच्या आतल्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम. त्यांना कायम करायचं घाटत होतं, आणि पुढे लाइन लीडरही, म्हणजे जुड्या बांधणाऱ्यांच्या रांगेची प्रमुख. बिल्डिंगमध्ये त्या 'ट्रेलरवाल्याची बायको' आहेत. कंपनीत त्यांना वर्षाली म्हणतात आणि एखादी जुडी अडली की त्यांनाच हाक मारतात. ती हाक त्या सोडायला तयार नव्हत्या.

"तुम्ही लोकल धरा, नाहीतर पिंकीला अहमदपूरला धाडा," त्यांनी फोनवर सांगितलं. "मी काम सोडणार नाही."

मालोजीभाऊंनी लोकल धरलं. आमच्या कंपन्यांची माणसं नेणाऱ्या ठेकेदाराची बस. पहाटे पहिली पाळी चाकणला सोडायची, रात्रपाळी परत आणायची, दुपारी पुन्हा तेच. मधला सगळा वेळ घरी. त्याच बसमध्ये वहिनी जातात आणि त्यांच्या शेजारी मी, कारण दोन कंपन्या सोडून पुढे मी मेंटेनन्सला आहे. भाऊंनी जिन्यात जाहीर केलं, "घरासाठी केला त्याग." घराबाहेर राहणं हाही त्याग आणि घरात राहणं हाही. दोन्हीकडून सारखंच फिरणारं असं यंत्र मी डिप्लोमाला असताना कुठे पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी बस लावून ते वर आले, तेव्हा वहिनी आधीच पोचून भाजी चिरत होत्या. भाऊ दारात थांबले.

"आत या की, मच्छर यायलेत," वहिनी म्हणाल्या.

भाऊ हलले नाहीत. "ओवाळायचं नाही का?"

वहिनींनी विळीवरून मान वर केली. "मोशीहून चाकणला जाऊन आलात. तेवढं तर मीबी आले. मला कोण ओवाळणार?" आणि त्यांच्या हातात कचऱ्याची बादली दिली. "ओला आहे. खाली हिरव्या डब्यात."

बसमध्ये मात्र त्यांची लाइन सुटली नाही. सबंध रस्ताभर गोष्टी. बंगालातला पूर, बिहारातला जाम, अमक्या घाटात तमक्याला कसा खेचून काढला. माणसं झोपायला बघायची. तळेगाव चौकात अर्धी सकाळ अडकलो की म्हणायचे, "याला जाम म्हणतात व्हय? आम्ही जाम बघितलेत." मागच्या सीटवरून प्रीतम नावाचा ऑपरेटर ओरडायचा, "भाऊ, गुवाहाटी आली का?"

"झोप रे. अजून कुरुळी नाही आली."

"मग उठवा हां. पासपोर्ट काढून ठेवतो."

एके दिवशी भाऊ दुपारी बस घेऊन आले ते तोंड फुगवूनच. वहिनी चढताच म्हणाले, "किती फोन केले! पिंकीचा तो पांढरा युनिफॉर्म कुठाय विचारायला. उचलायला काय झालतं?"

"लाइनवर होते. लाइनवर फोन चालत नाही."

"लाइनवर?" भाऊंनी बस सुरू करायचीही थांबवली. "तू? लाइन म्हणजे काय तरी ठाऊक आहे का? लाइन आमची असते."

"तुमच्या लाइनवर झाडाखाली झोपता येतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आमच्या लाइनवर लघवीला जायचं तर आधी बदली माणूस मागावा लागतो."

बस हसली. प्रीतम म्हणाला, "भाऊ, गिअर टाका. पहिला."

त्यानंतर गोष्टी कमी झाल्या. भाऊ आरशातून वहिनींकडे बघत गाडी चालवायचे, कुणीतरी आपली पाटी चोरून दुसऱ्या दुकानावर लावली असावी तसे.

दसरा जवळ आला. सणाला गाड्या खपतात, म्हणून सगळे ट्रेलर रस्त्यावर निघतात. ट्रान्सपोर्टच्या रंगरावांचा फोन आला. भाऊंनी तो बसमध्येच स्पीकरवर घेतला; चुकून नव्हे.

"मालोजी, नवा ट्रेलर आलाय. केबिनला एसी. तुझ्यासाठी ठेवलाय राव. लोकलात काय कुजतोस?"

फोन ठेवून भाऊ आरशात म्हणाले, "जावं लागंल. घरासाठी."

वहिनींना त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं होतं, की एक तारखेपासून लाइन लीडर. पाळी संपल्यावर लीडरला थांबून दुसऱ्या पाळीला काम समजावून द्यावं लागतं, जमेल ना? त्या जमेल म्हणाल्या होत्या. हे भाऊंना ठाऊक होतं. आणि आपण लाइन धरली की हे जमणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा सगळा त्याग त्या एका ठाऊक असण्यावर उभा होता. बायको घरी बसेल, फोन केला की मटण शिजेल, दारात भाकरतुकडा ओवाळला जाईल.

"जा," वहिनी म्हणाल्या.

भाऊंना हे अपेक्षित नव्हतं. "आणि पिंकीचं?"

"तुम्ही घरासाठी जायलाव ना? मग जा. घराचं मी बघते."

भाऊंनी पिंकीला विचारून पाहिलं. पोरगी गळ्यात पडून रडेल, असा हिशोब असावा. पिंकी म्हणाली, "जा ना बाबा. तुम्ही परत आलात की मटण असतं." बापाची लेक.

वहिनींनी खालच्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंना विचारलं. दुर्गाबाई मूळच्या मोशीच्या. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. त्या म्हणाल्या, "ठिव की माझ्याकडं. पर बेस्तरवारी न्हाई जमायचं. मला भजन आस्तं." गुरुवारी माझी सुट्टी असते, म्हणून गुरुवार मी घेतला. भाऊ नवा ट्रेलर घेऊन हरियाणाला गेले आणि वहिनी लीडर झाल्या.

भाऊ परतले ते नेमके गुरुवारी. यार्डातून फोन केला असणार. तो कुणी उचलला नसणार. दुपारी ते दारात उभे राहिले. दाराला कुलूप. समोर माझं दार उघडं आणि माझ्या घरात पिंकी वही काढून बसलेली.

"ही कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"लाइनवर," मी म्हणाले. एवढं समाधान मला पगाराच्या दिवशीही होत नाही.

मी किल्ली दिली. पिंकी बाबांच्या मागोमाग गेली आणि दोन मिनिटांत तिचा आवाज आला, "बाबा, परत भूक लागली." मग भाऊ माझ्या दारात. "पोरीला काही खायला आहे का?" माझं आणि पिंकीचं जेवण उरकलं होतं आणि पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. मी तसं सांगितलं. खोटं नव्हतं, पण सांगताना वाईटही वाटलं नाही.

काही वेळाने लसणाच्या फोडणीचा वास आला. असा वास आमच्या मजल्यावर कधी आला नव्हता. मी बघायला गेले. मालोजीभाऊ ओट्यापाशी उभे होते. कांदा हातातच धरून सुरीने सपासप चिरत होते, विळी नाही, पाट नाही. कुकरची वाफ काढली, डाळ घोटली, वरून सुकी मिरची तडतडवून ओतली. मग कणकेचा गोळा दोन्ही तळव्यांत थापून पोळपाटाशिवायच जाड रोट टाकला. पिंकी तोंड उघडं ठेवून बघत होती.

"बाबा, तुम्हाला येतं?"

"लाइनवर समद्यांनाच येतं," भाऊ फुशारले. "ट्रेलरखाली स्टोव्ह मांडायचा. रोज. माझ्या हातची डाळ खायला दुसऱ्या गाडीवाले ताटं घेऊन येतात, पिंके!"

कुणासमोर काय कबूल करतोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. फुशारकीचं हेच असतं, तिला ब्रेक नसतो.

संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा पिंकीने ही बातमी जिन्यातच फोडली. वहिनींनी गळ्यातलं ओळखपत्रही काढलं नाही. उभ्यानेच पातेल्यातली डाळ चाखली. दार उघडंच होतं, आणि मी माझ्या दारात होते. आमच्या मजल्यावर भांडणं एकट्याने करायची पद्धत नाही.

"चांगली झालीय," वहिनी म्हणाल्या. "कधीपासून येतं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"म्हणजे मला डेंग्यू झालता, आणि तुम्ही खानावळीतून डबा आणून दिलाव, तेव्हा येत होतं."

भाऊंनी रिमोट शोधायला सुरुवात केली.

"आणि पिंकी पोटात असताना, मळमळत असताना, मी तुमचं मटण शिजवलं. तेव्हाबी येत होतं."

"ते येगळं असतंय," भाऊ म्हणाले. "लाइनचा स्वयंपाक येगळा."

"डाळ तूरच ना?"

वहिनी खाली बसल्या, ताट ओढलं आणि जेवायला लागल्या. जेवता जेवता म्हणाल्या, "लाइनवर जावा नाहीतर बसवर या, तुमची मर्जी. मी आता अडवणार नाही. पण ज्या दिवशी घरात असाल, त्या दिवशी चूल तुमची. पाहुणा म्हणून यायचं असंल तर लॉज बघा. आंबेठाण चौकात लई आहेत."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी रंगरावांना फोन करून लगेच फेरी मागितली. रंगराव म्हणाले, लोडिंगला रांग आहे, आठवडाभर नंबर लागणार नाही. तो आठवडा भाऊंनी स्वयंपाक केला. पिठलं केलं, मेथी केली, पिंकीच्या डब्यासाठी रोट पातळ करायला शिकले. आठवडा संपला तसे ते बसच्या ठेकेदाराकडे गेले. त्यांची बस सोलापूरच्या एका पोराला दिली होती. भाऊंना बदली ड्रायव्हर म्हणून ठेवलं. कुणी दांडी मारली की जायचं.

प्रीतमने विचारलं, "काय भाऊ, एसी केबिन सोडली?"

"चूल दोन्हीकडं आहे राव," मालोजीभाऊ म्हणाले. "मग इथं निदान रात्री आडवं व्हायला मिळतंय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून या विषयावर निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. ते फार टिकलं नाही. त्याच संध्याकाळी जिन्यात सेक्रेटरींना सांगत होते, "पोरीसाठी सोडली लाइन. नवा ट्रेलर होता, पण घर बघावं लागतं." सेक्रेटरी म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं." वहिनी पाण्याची बादली घेऊन शेजारून वर गेल्या. हसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत.

परवा सोलापूरच्या पोराने सुट्टी घेतली, म्हणून बस मालोजीभाऊंकडे होती. आंबेठाण चौकाच्या पुढे वहिनींची कंपनी आली. त्या उतरल्या तशा गेटवर उभ्या असलेल्या दोन मुली त्यांच्याकडे धावल्या. "वर्षालीताई, तीन नंबरला गोंधळ झालाय, लवकर या!" वहिनी झपाझप चालायला लागल्या.

भाऊंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "भाजी मी केलीय आज!"

वहिनींनी मागे न बघताच हात वर केला. "मीठ बघून सांगते."