चिठ्ठीताईंचा खारट चहा

एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात एक बाई आहेत. खरं नाव पगारपत्रकात असेल. एरवी सगळे त्यांना चिठ्ठीताईच म्हणतात. दिसेल त्या वस्तूवर त्या नावाची नाहीतर नंबराची पट्टी चिकटवतात. नवरा एका जागी फार वेळ बसत नाही म्हणून वाचला, असं त्यांच्या सासूबाईच शेजारणींना सांगतात, आणि शेजारणी कुठलीही गोष्ट स्वतःपुरती ठेवत नाहीत.

त्या दिवशी सकाळी चिठ्ठीताईंनी ‘साखर’ लिहिलेल्या बरणीतून चहात दोन चमचे घातले. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं.

“आई, यात मीठ आहे.”

“हो, नव्या पुडीतलं मीच भरलं. मिठाच्या डब्याचं झाकण घट्ट झालं होतं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “तू चिठ्ठीलाच विचारतेस. बरणीला कधी विचारतेस का?”

चिठ्ठीताई फणकाऱ्याने कामावर गेल्या.

तिथे वेगळंच वाढून ठेवलेलं. इस्पितळाचे दहा वर्षांचे एक्स-रे एका यंत्रात होते. यंत्रात शेजारी शेजारी आठ खण, प्रत्येक खणात एक डिस्क आणि खणावर चिठ्ठीताईंची नंबराची पट्टी. एक डिस्क मेली तर बाकीच्या सात सांभाळून घेतात. पण दुसरी गेली, किंवा चुकून चांगलीच ओढली, की सगळंच बुडालं. जादा प्रत ठेवणारं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. आणि पडद्यावर आलं: खण क्रमांक तीन, डिस्क निकामी.

“तीन तर तीन, ओढा बाहेर,” साहेब म्हणाले. त्यांना बैठकीला जायचं होतं. “पट्ट्या तुमच्याच आहेत ना, बाई? मग घाबरता कशाला?”

चिठ्ठीताईंनी ‘३’ लिहिलेल्या खणाची कडी धरली. जिभेवर अजून मीठ होतं. त्यांनी हात मागे घेतला.

“थांबा साहेब. आधी यंत्राला विचारते.”

“यंत्रानेच तर सांगितलं.”

“त्याचं तीन म्हणजे कुठलं, ते विचारायचं राहिलंय.”

असल्या यंत्राच्या पोटात त्याची स्वतःची माहिती लिहिलेली असते: कुठल्या खणात कोण, कुणाचा छापील क्रमांक काय. ती यादी चिठ्ठीताईंनी पडद्यावर मागवली. पहिला खण होता शून्य. मग एक, दोन, तीन. त्यांनी यंत्राला त्याच्या तीन नंबरच्या खणाचा खुणेचा दिवा लावायला सांगितला, आणि दिवा लुकलुकला तो त्यांनी ‘४’ लिहिलेल्या खणावर.

यंत्र आलं त्या दिवशी त्यांनी घाईघाईत डावीकडून एक-दोन-तीन मोजून पट्ट्या लावल्या होत्या. यंत्राला न विचारता.

साहेब बैठक विसरून खुर्चीत बसले. चिठ्ठीताईंनी लुकलुकणारी डिस्क काढली, छापील क्रमांक यादीशी दोनदा ताडून पाहिला आणि नवी बसवली. मग नखाने आठही पट्ट्या खरवडून शून्यापासून नव्या लावल्या. कुणाचा एकही एक्स-रे गेला नाही.

संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. “आई, आज तुम्ही होतात म्हणून वाचले.”

“मीठ मुद्दामच घातलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. ही शुद्ध थाप होती. सकाळचं विसरून दुपारी त्यांनी स्वतःच तसाच खारट चहा करून प्यायला होता. चिठ्ठीताईंनी ती थाप खरी मानली, सासूबाईंपुढे गोड चहाचा कप ठेवला आणि बरणीवर नवी पट्टी लावली: ‘आधी चाखा’.