सगळ्याजणी पूर्ण सहमत

परळच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते आणि सोबत स्वतःचं एमएस्सीही रेटते. प्रबंधाचा विषय मोठ्या हौसेने घेतला होता: वॉर्डात पेशंटची सुरक्षितता किती जपली जाते, याबद्दल आमच्या मुलींना काय वाटतं. प्रश्नावली वाटली. फॉर्म परत आले आणि मी कपाळावर हात मारला. 'वरिष्ठांची चूक दिसली तर मी न घाबरता बोलते' यावर झाडून सगळ्याजणी 'पूर्ण सहमत'! अगं, कोणाला बनवताय? इनचार्ज सिस्टरांचा आवाज जिन्यात आला तरी या पडद्यामागे लपतात. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने जिथे टिक केली तिथेच मागच्यांनी केली. परीक्षाच समजल्या बायका! असल्या उत्तरांवर प्रबंध लिहिला तर वॉर्डातलं खरं कधी कळायचं? भयंकर चिडले. मार्क नाहीत, नाव नाही, सिस्टरांना दाखवणार नाही, असं बजावून उद्या दुपारी पुन्हा भरा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलींना घेऊन वॉर्डात गेले. तिथे घोडपदेवचे दोन आजोबा शेजारशेजारी होते. दोघं कोकणातल्या एकाच गावचे, त्यामुळे आडनावही एकच. एकाला पंख्याचा वारा सोसेना, दुसऱ्याला त्याशिवाय झोप येईना. मग कोणाला कशाला विचारायचं? दोघांनी आपसात खाटा बदलून टाकल्या.

इनचार्ज सिस्टर इन्सुलिन घेऊन आल्या. खाट बघितली, आडनाव घेतलं आणि तुम्हीच ना, असं विचारलं. आजोबांनी मान डोलावली. डोलावणारच, आडनाव त्यांचंच होतं. पण डायबेटिस होता शेजारच्यांना.

"सिस्टर, थांबा. पूर्ण नाव विचारा ना."

बोलली कोण, तर लालबागहून येणारी आमची सगळ्यांत मुकी मुलगी. सिस्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की मीच एक पाऊल मागे सरले. पण त्यांनी हात मागे घेतला, पूर्ण नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली. मग दोन्ही आजोबांची अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. जाताना त्या मुलीच्या पाठीवर थाप मारली. मला तर तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली.

दुपारी वर्गात तीच मुलगी कोरा फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, घाबरत घाबरत बोललं तर टिक कुठे करायची? तसा रकानाच नाहीये."

खरंच नव्हता. छापील प्रश्नावलीत काडीचाही बदल करायचा नाही, अशी माझ्या गाईडची सक्त ताकीद होती. गेली ताकीद खड्ड्यात, म्हटलं, आणि पेनाने तिला एक रकाना आखून दिला. मान वर करून बघते तर तिच्यामागे आणखी चौघी-पाचजणी आपापला फॉर्म घेऊन उभ्या.