मीटरताईच्या गाडीतला टीव्ही

मीटरताईला लोक मीटरताई म्हणायचे ते तिच्या नोकरीमुळे. घरोघरी जाऊन विजेचे मीटर बघायचे, आकडा घ्यायचा नि पुढच्या दाराकडे वळायचं, यात तिची सगळी वर्षं गेली. काम तिला आवडायचं. तक्रार एकच होती. मीटर असतो बाहेर, जिन्याखाली नाहीतर भिंतीतल्या पेटीत. आत कोण इतकं हसतंय, वरच्या मजल्यावर रोज कोण भांडी आपटतंय, हे काही बघायला मिळायचं नाही. "दारातूनच परत फिरायचं, नि उरलेलं सगळं मनानं रचायचं," ती सांगायची. चौकसपणा तिच्या हाडीमाशी खिळलेला होता. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं, की "राहून गेलं" म्हणायची आणि उलट त्यालाच चार प्रश्न विचारून गप्प करायची.

निवृत्त झाली तेव्हा तिनं भाड्याची खोली सोडली आणि सगळ्यांना चक्रावून टाकत एक जुनी कॅम्पर गाडी घेतली. चाकांवरचं घरच म्हणा ना. आत एक पलंग, गुडघे टेबलाला घासतील अशी बैठक, शेगडी, बेसिन, आणि झोपल्यावर आभाळ दिसावं म्हणून छताला एक खिडकी. "आता मी हिंडणार," ती म्हणाली. धाकट्या भावानं कपाळाला हात लावला. भावाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि सगळ्या गोष्टी आधी नीट बघून घ्याव्यात असा त्याचा स्वभाव. "ताई, आधी आमच्या अंगणात लाव. गाडीची सवय होऊ दे. मग जा कुठं जायचं तिथं."

गाडी अंगणातल्या मोठ्या झाडाखाली लागली ती लागलीच. थंडी संपली की निघते, टायर बदलले की निघते, असं होता होता चाकांभोवती गवत वाढलं. खरं कारण मीटरताईला ठाऊक होतं, पण ती ते कुणाकडे बोलली नव्हती. कुठल्या दिवशी कुठल्या रस्त्याला जायचं हे तिला आजवर ऑफिसनं सांगितलं होतं. आता ते आपण ठरवायचं म्हटलं की ती गाडीची किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवून टाकायची.

संध्याकाळी मात्र ती घरात असायची, भावजयीजवळ. भावजय घरीच शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर वाकून मान धरली, की दोघी टीव्हीपुढे बसायच्या. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांचा एक कार्यक्रम लागायचा, त्याचं दोघींना वेड. आठ हातांचा, हाड नसलेला तो ऑक्टोपस बरणीचं झाकण आतून उघडून बाहेर येतो म्हणजे काय! तेवढ्यात भाऊ दुकानातून यायचा, चपला काढता काढताच रिमोट घ्यायचा आणि बातम्या लावायचा. ऑक्टोपस अर्धा बरणीत, अर्धा बाहेर, तसाच राहायचा.

"माझ्या गाडीत टीव्ही असता तर?" एकदा मीटरताई म्हणाली.

"असता काय, आणाच," भावजय म्हणाली.

छोटा टीव्ही आला. भावाच्याच खात्यावर डिशच्या कंपनीकडून दुसरा बॉक्स मिळाला. घराच्या गच्चीवर डिश होतीच. तिच्यापासून खाली येणारी तार एका छोट्या जोडानं दुभंगली, एक फाटा घरात गेला आणि दुसरा घरातून घेतलेल्या विजेच्या वायरीसोबत झाडाला वळसा घालून गाडीच्या बेसिनमागच्या भोकातून आत आला. मीटरताईनं टीव्ही लावला आणि चित्र आलं. अगदी स्वच्छ. दोघी त्या चिंचोळ्या बैठकीत मांडीला मांडी लावून बसल्या. भाऊ घरात आला. गाडीच्या पडद्यावर चौकटी चौकटी झाल्या, मासा मधोमध फाटला आणि सगळं काळं.

"वन्सं, गेलं हो चित्र!"

मीटरताईनं तार हलवली, बॉक्स बंद करून लावला, झाडाकडे संशयानं पाहिलं. थोड्या वेळानं चित्र आपोआप आलं, आणि मग पुन्हा गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. वारा नव्हता, पाऊस नव्हता. दुसरी कुणी असती तर वैतागून तार उपटली असती. मीटरताईच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. चित्र जातं ते का जातं? आणि जातं तर परत का येतं? गंमत म्हणजे घरातलं चित्र कधीच जात नव्हतं.

"हे आले की जातं," भावजय म्हणाली. "माझा नवरा पनवती आहे."

"तो नाही गं. तो काय लावतो ते बघायला हवं."

दुपारी भाऊ दुकानात असताना दोघींनी मोहीम काढली. भावजय घरात रिमोट घेऊन खिडकीशी बसली, मीटरताई गाडीत.

"लावलं!" भावजय ओरडली.

"आहे!"

"आता दुसरं लावलं!"

"आहे!"

"आता?"

"गेलं! गेलं!"

कुंपणाबाहेरून जाणारे शेजारचे आजोबा थबकले. "कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"मासे, आजोबा, मासे!" मीटरताईनं गाडीच्या दारातून डोकं काढून सांगितलं. आजोबांचं समाधान झालं नाही, पण ते तिथंच उभे राहून ऐकायला लागले.

संध्याकाळपर्यंत दोघींना अंदाज आला. चॅनेलांचे दोन गट होते. घरात आणि गाडीत एकाच गटातली चॅनेलं असली तर दोन्हीकडे सुखानं नांदायची. वेगळ्या गटातली असली, की एकाला घर सोडावं लागायचं, आणि ते नेहमी एकाच गटातलं असायचं. एक गट दांडगा, दुसरा मवाळ. भावाच्या बातम्या दांडग्या गटात होत्या. समुद्र बिचारा मवाळ.

"म्हणजे माझ्या बातम्यांनी तुमचा ऑक्टोपस मरतो?" भावानं घरी आल्यावर विचारलं. त्याचा विश्वास बसेना. मग त्यानं स्वतः रिमोट हातात घेऊन तीनदा करून पाहिलं, नि प्रत्येक वेळी गाडीतून बायकोची आरोळी ऐकली. "च्यायला," तो म्हणाला, आणि त्या दिवशी जेवेपर्यंत त्यानं बातम्या लावल्या नाहीत.

पण असं का होतं, हे मीटरताईला कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. तिनं डिशवाल्याला बोलावलं. डिशवाला जाडजूड, शांत गृहस्थ होता, शिडीवर चढताना स्वतःशीच गुणगुणायचा. दोघींनी आपला शोध त्याला सांगितला तेव्हा तो खूश झाला.

"अगदी बरोबर. डिशच्या दांडीवर पुढं तो डबा दिसतोय ना, ते तिचं डोकं. वरून लाटा दोन तऱ्हेच्या येतात, उभ्या आणि आडव्या. कुठल्या पकडायच्या ते तुमचा बॉक्स तारेतून थोडी वीज पाठवून त्या डोक्याला सांगतो. एकीसाठी कमी, दुसरीसाठी जास्त. आता एका डोक्याला दोन बॉक्सांनी दोन हुकूम दिले तर ते कुणाचं ऐकेल?"

"ज्याचा जोर जास्त त्याचं," मीटरताई म्हणाली.

"आमच्या घरासारखंच," भावजय पुटपुटली.

मीटरताईचे प्रश्न संपेनात. लाटा उभ्या म्हणजे कशा उभ्या? तो उपग्रह आहे तरी कुठं? फिरत असेल तर डिश त्याच्यामागं का फिरत नाही? डिशवाला शिडीच्या पायरीवर बसला.

"फिरतो की. पण पृथ्वी जेवढ्या वेळात एक गिरकी घेते तेवढ्याच वेळात तोही एक फेरी मारतो. म्हणून आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा."

"म्हणजे सारखा पळतोय, आणि हलत मात्र नाही?"

"हो. तुमच्या गाडीच्या उलट. ती पळत नाही आणि हलतही नाही." तो सहज हसत बोलला. मीटरताई हसली नाही.

उपाय सोपा होता. दोन तोंडांचं डोकं बसवायचं, म्हणजे गच्चीवरून गाडीपर्यंत स्वतंत्र तार ओढता येईल. एका तासाचं काम. मीटरताई हो म्हणणार, एवढ्यात भावजय मध्ये बोलली.

"आणि गाडी दुसरीकडे नेली तर?"

"मग तार इथंच राहणार. गाडीबरोबर न्यायची तर वेगळी छोटी डिश घ्यावी लागेल, तीन पायांच्या स्टँडवरची. जिथं थांबाल तिथं मांडायची, दिशा साधायची. शिकावं लागतं, पण अवघड नाही."

"तीच द्या," भावजय म्हणाली.

डिशवाला शहाणा माणूस. गच्चीवर काहीतरी विसरल्यासारखं करून तो वर गेला. मीटरताईचा चेहरा उतरला होता.

"मी जड झाले का गं तुम्हाला?"

"काहीतरीच काय वन्सं! जड काय?" भावजय गाडीच्या पायरीवर बसली. बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढायचं राहिलं होतं, तेच फिरवत म्हणाली, "तुम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून मी वाट बघतेय. आज विचारतील, उद्या विचारतील, येतेस का म्हणून. मी समुद्र फक्त टीव्हीत पाहिलाय हो. आणि तुम्ही तर इथं गवत वाढवताय."

मीटरताई तिच्या शेजारी पायरीवर टेकली. दुसऱ्यांच्या बंद दारांबद्दल तिनं किती तर्क केले होते, आणि रोज मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बाईच्या मनात काय आहे ते तिला दिसलं नव्हतं.

"मला भीती वाटते," शेवटी ती म्हणाली. "वाट चुकले तर?"

"चुकू. दोघी असलो म्हणजे चुकलो तरी गप्पा मारत चुकू."

डिशवाल्यानं दोन दिवसांनी स्टँड आणि छोटी डिश आणली, पण झाडाखाली तिला काही केल्या दिशा सापडेना. पानं आडवी येत होती. "झाड तोडा नाहीतर गाडी हलवा," तो म्हणाला. झाड तोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. गाडी सुरू करायला गेले, तर ती नुसती खोकली. बॅटरी पार बसली होती. मग भावाच्या गाडीला तारा जोडून तिला वीज पाजली, भावानं, डिशवाल्यानं आणि शेजारच्या आजोबांनी मागून जोर लावला, आणि मीटरताईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी फाटकाशी, उघड्या आभाळाखाली आणली. अंतर काय ते अंगणाचं. पण ती खाली उतरली तेव्हा तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

डिशवाल्यानं तिला सगळं शिकवलं. आधी पाणसळ, ती बुडबुड्याची नळी, ठेवून स्टँड सरळ करायचा. मग आजूबाजूच्या गच्च्या बघायच्या. मीटरताईनं मान वर केली. रस्त्यातली प्रत्येक डिश एकाच बाजूला तोंड करून उभी होती. इतकी वर्षं याच रस्त्यानं ती मीटरच्या पेट्यांकडे बघत गेली होती, वर पाहिलंच नव्हतं. "अय्या, सगळ्या एकाच दिशेला बघतायत!" ती म्हणाली. मग डिश केसभर सरकवायची, थांबायचं, पडद्यावरची सिग्नलची पट्टी वाढते का ते बघायचं, पुन्हा केसभर. घाई केली की उपग्रह निसटतो. भावजय आत पट्टीवर नजर ठेवून, मीटरताई बाहेर स्क्रूवर हात ठेवून.

"वाढली! थांबा, थांबा... गेली. मागं घ्या."

"किती मागं?"

"टाचणीएवढं!"

चित्र आलं तेव्हा शेजारच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

आठवडाभरात दोघी निघाल्या. भावानं नकाशा दिला, टॉर्च दिला, चष्म्याची जादा जोडी दिली आणि शंभर सूचना दिल्या. दोनदा वाट चुकली, आणि दुसऱ्या वेळी तर मुद्दामच नीट केली नाही, कारण चुकीच्या रस्त्याला फुलांची शेतं लागली होती. समुद्र दिसला तेव्हा भावजयीनं गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं. चपला गाडीतच ठेवून चालत सुटली ती पाणी गुडघ्याला लागेपर्यंत. मीटरताई पाठोपाठ.

तिथं डिश लावली, पण उपग्रहाच्या बाजूला नेमकी टेकडी. गाडी जरा पुढं घेतली, पुन्हा मांडामांड केली. चित्र आलं, दोघींनी समाधानानं माना हलवल्या, आणि टीव्ही बंद करून ओहोटीचे खडक बघायला गेल्या. खडकांमधल्या डबक्यात वाकून वाकून त्यांच्या पाठी दुखल्या. ऑक्टोपस काही भेटला नाही. पण एक शंख अचानक पाय काढून चालायला लागला तेव्हा भावजय किंचाळली, नि आतला खेकडा बघून मीटरताईनं ताबडतोब विचारलं, "हा मूळचा शंख कुणाचा असेल गं?"

परतीच्या दिवशी सामान भरताना भावजय म्हणाली, "वन्सं, थोडी मी चालवू? लायसन्स आहे माझ्याकडे, लग्नाआधीचं. मुदत वाढवत आले, वापरलं कधी नाही."

मीटरताईनं किल्ली तिच्या हातात दिली आणि शेजारी बसून गच्च पट्टा लावला. रिकाम्या रस्त्यावर गाडी आधी कासवासारखी चालली, मग माणसासारखी, आणि घर जवळ आलं तोवर भावजय एका हातानं शेंगा खात होती.

भाऊ फाटकात उभा होता. आधी त्याला बहीण दिसली, मग ती कुठल्या बाजूला बसली आहे ते दिसलं, आणि तो चष्मा पुसायला लागला.

"आत घे, आत," त्यानं हातवारे सुरू केले. "झाडाखाली. डावीकडे..."

"आत नको," बायकोनं काच खाली करून सांगितलं. "पुन्हा बाहेर काढायचा ताप. राहू दे रस्त्याकडेला." तिनं ब्रेक ओढला आणि वन्संना विचारलं, "आता कुठं जायचं हो पुढच्या वेळी?"