ठकूबाईचं मीठ

"भिलाईत पाहा, किती धर्माचे लोक गोडीनं राह्यतात," असं कोनी मनलं का माझं डोस्कं फिरते. त्यायले तेजराम माहीत नाई, मनून.

तेजराम भंडाऱ्याकडचा. सत्तावन साली पोलादाच्या कारखान्याच्या मातीकामावर आला, आमच्या बाजूच्या क्वार्टरात. सुट्टीच्या दिवशी कोनी बलावलं का गैती-फावडं घेऊन निघे. पंजाब्यायचा गुरुद्वारा, मद्रास्यायचं मंदिर, मुसलमानायची मशीद, केरळवाल्यायचं चर्च, साऱ्यायचा पायवा यानं खोदला, अन् तोही फुकट. मले मने, "वहिनी, घर सोडून आलेल्या मानसाले आपल्या देवाजवळ बसाले जागा पाह्यजे."

स्वतः मात्र कोनाचा परसाद खाये नाई. महानुभाव होता ना! ते लोक एका कृष्णाले मानतात, दुसऱ्या देवाले हात जोडत नाईत. अन् मेलेल्या मानसाले जाळत नाईत, पुरतात. त्याची माय ठकूबाई खाटेखाली खड्या मिठाचं पोतं ठेवून होती. येता-जाता मले सांगे, "सिंधे, मले जाळू नका वो बाप्पा. हे मीठ टाका अन् मातीत ठेवा."

माझं उत्तर ठरलेलं, "माय, मातीले काय तोटा इथं? तुमचा पोरगा ढीग उपसून राहिला!"

साठच्या मे महिन्यात म्हातारी सकाळीच गेली. तेजराम तसाच जागा शोधाले निघाला. कबरस्तानवाले मनाले, तू मुसलमान नाई. चर्चवाले मनाले, तिचा बाप्तिस्मा झाला नाई. स्मशानातले मनाले, हिंदू असून पुरता कावून? इथं जाळतात. शेजारचा सुखराम कबीरपंथी, इथलाच, त्यायच्यातही पुरतात. तो रडकुंडीले आला. "आमची जागा होती भाऊ, पन ते गावच कारखान्यात गेलं." मोकळ्या रानात खड्डा खोदाले घेतला त चौकीदारानं हाकललं. गावाले न्याची त गाडीची परवानगी दुसऱ्या दिवशी भेटनार. त्या उनात मढं किती वेळ ठेवावं?

दुपारी आमचे हे, गुलाबराव, मनाले, "वास सुटन. चाला, उचला." कॉलनीनं उचलली. मीही हाव मनलं, खोटं कावून बोलू? तेजरामनं मायले आग देली अन् तिथंच जमिनीवर कपाळ आपटून रडला.

महिना नाई झाला, त आमच्या मराठी मंडळाचे लोक त्याच्या दारात हाजिर. "तेजराम, मंदिराचा पायवा खोदाचा हाये." शरम नावाची चीज नाई! गरज सरो, वैद्य मरो, अन् पुन्हा गरज पडली का वैद्याच्याच दारात! मले वाटलं, आता हा गैती फेकून मारन. तो गेला. नेहमीसारखा सरळ, साफ पायवा खोदला. मी पानी घेऊन गेली, त कंबरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. मनाला, "वहिनी, मायले एवढीच त जागा लागत होती."

पायवा भरला त्या दिवशी भंडारा होता. तेजरामनं मायच्या खाटेखालचं ते पोतं खांद्यावर आनून आचाऱ्याजवळ ठेवलं. "घ्या. आता आमच्या घरी कोनाच्या कामाचं?" अन् पानीही न पेता निघून गेला. त्या मिठात वरण झालं, भाजी झाली. पंगतीले सरदार होते, मद्रासी होते, मुसलमान शेजारी होते. सारे मागून मागून जेवले.

माझा घास हातातच राहिला. गुलाबराव वाढत वाढत माझ्यापाशी आले अन् मनाले, "कावून वो, जेवत नाईस? मीठ कमी पडलं का?"