एक्क्याण्णव पायऱ्यांवरचा इंग्रज

डेस्मंड प्राइक ग्रीसमधल्या नाफ्प्लियो गावी राहायला आला तेव्हा त्याचं वय सत्तावन्न होतं आणि गुडघे शाबूत होते. लीड्सच्या शिक्षण खात्यात इन्स्पेक्टर म्हणून तीस वर्षं लोकांच्या चुका काढून झाल्यावर तेच काम त्याला उन्हात बसून करायचं होतं. जुन्या गावात किल्ल्याच्या अंगाने चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीत त्याने अगदी वरचं घर घेतलं. एक्क्याण्णव पायऱ्या. पहिल्याच दिवशी त्याने त्या मोजल्या आणि पुढची चौदा वर्षं भेटेल त्याला तो आकडा ऐकवला.

गावात परदेशातून येऊन राहिलेले साठ-सत्तर लोक होते. त्यांच्यासाठी डेस्मंड दर महिन्याला एक पत्रक काढायचा. गावकऱ्यांत गावकऱ्यासारखं कसं राहावं, हा त्याचा कायमचा विषय. दुपारी दोन ते पाच कुणाला फोन करू नये, जेवणानंतर दुधाची कॉफी मागू नये, असलं त्यात असे. बाकीची जागा तो इतर परदेशी मंडळींची टिंगल करण्यात घालवी. जुन्या गावाच्या तटाबाहेर, संत्र्यांच्या बागा तोडून बांधलेल्या नव्या वस्तीत राहणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. ‘हे लोक ग्रीसमध्ये राहायला आलेले नाहीत, लिफ्टमध्ये राहायला आले आहेत,’ असं त्याने एकदा लिहिलं. ते वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढे आणखी तीनदा छापलं.

गावकऱ्यांविषयीही त्याचं मत फारसं बरं नव्हतं. ते मोठ्याने बोलतात, रांग मोडतात, सातला येतो म्हणून साडेआठला येतात. त्याचं ग्रीक व्याकरणशुद्ध होतं आणि तो ते छडीसारखं वापरायचा. कॉफीवाल्या स्ताथिसच्या फळ्यावरची चूक त्याने एकदा खडू मागून घेऊन दुरुस्त केली. स्ताथिस म्हणाला, “साहेब, याच फळ्यावर माझ्या बापाने सात पोरं वाढवली. तुम्ही नव्हता म्हणून, नाहीतर दहा वाढवली असती.” लोक हसले. डेस्मंडने तो आपला गौरव समजला.

एकच गोष्ट त्याला सलत होती. गल्लीच्या तोंडाशी पोलिक्सेनीबाईंचं घर. तेवीस सप्टेंबर हा त्यांच्या नावाच्या संतिणीचा दिवस, म्हणजे बाईंचा सण. त्या संध्याकाळी त्यांचं अंगण भरून जाई. डेस्मंडच्या खिडकीतून सगळं दिसायचं. पाद्रीबाबा, बेकरीवाला, औषधवाली, इतकंच काय, सकाळी बाई जिच्याशी कचाकचा भांडलेल्या असत ती शेजारीणसुद्धा तिथे खुर्ची ओढून बसलेली. पहिल्या वर्षी डेस्मंड इस्त्रीचा शर्ट घालून आठपर्यंत बसून राहिला. बोलावणं आलं नाही. बाई विसरल्या असतील. दुसऱ्या वर्षीही शर्ट. तिसऱ्या वर्षापासून तो हा अपमान मानू लागला आणि त्या दिवशी ऊन कललं की खिडकी लावून घेऊ लागला.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडून त्याच्या दारात फडक्याने झाकलेलं ताट यायचं. द्राक्षाच्या पानांतला भात, पाकात मुरलेला अक्रोडाचा केक. डेस्मंड सगळं खाई, ताट साबणाने चकचकीत धुई आणि टाइप केलेल्या आभाराच्या चिठ्ठीसह बाईंच्या उंबऱ्यावर ठेवून येई. इतरांना तो सांगे, “भांडं परत करायलाही रीत लागते.”

चौदाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, जिना बंद. जुन्या गावात सपाटीवरच्या बहुतेक खोल्यांत आता पर्यटक उतरत होते, उरलेल्यांत आइस्क्रीम विकलं जात होतं. रिकामी अशी एकच खोली होती. पोलिक्सेनीबाईंचा सुतार नवरा वारल्यापासून बंद असलेलं त्याचं दुकान, बाईंच्या घराखाली, रस्त्याला लागून. ते मिळालं तर डेस्मंड जुन्या गावात राहणार होता. नाही मिळालं, तर तटाबाहेर जाऊन लिफ्टमध्ये राहायचं.

त्याच उन्हाळ्यात मेट्टे नावाची एक डॅनिश बाई गल्लीत आली होती. खुर्च्या विणायची. तिला ग्रीकचे पन्नासेक शब्द येत आणि तेही ती उलटसुलट फेकायची. तेवीस सप्टेंबरला खालचा गलबला ऐकून ती डेस्मंडला विचारायला आली.

“जाऊ का मी? दार तर उघडं आहे.”

“बोलावल्याशिवाय?” डेस्मंडने नाक मुरडलं. “ही माणसं मानी आहेत. आगाऊपणा यांना खपत नाही.”

मेट्टे गेली. जाताना बेकरीतून बिस्किटांचा खोका घेऊन गेली. डेस्मंड खिडकीशी उभा राहिला. पाच मिनिटांत ही तोंड पाडून परत येते की नाही बघा. वीस मिनिटांनी तिचं हसू वरपर्यंत ऐकू आलं. त्याने खिडकी लावली.

ऑक्टोबरात तो खोली मागायला उतरला, एकेका पायरीवर अंग तिरकं करत. बाई अंगणात दगडाने हिरवी ऑलिव्ह ठेचत होत्या. कॉफी घेऊन आलेला स्ताथिस भिंतीला टेकून गप्पा हाणत होता.

“बसा की,” बाई म्हणाल्या. “नाही, ती खुर्ची नको. तिचाही पाय गेलाय.”

डेस्मंडने पाठ करून आणलेलं निवेदन केलं.

“खोली मी दिली,” बाई म्हणाल्या. “मेट्टेला. कालच किल्ली नेली तिने.”

“तिला येऊन धड चार महिने नाहीत झाले!”

“हो. आणि त्यात किती वेळा जेवली माझ्याकडे. काय बोलते ते निम्मं कळत नाही मेलं, पण बोलते.”

“मी चौदा वर्षं इथे राहतो.”

“वर,” बाई म्हणाल्या. “तुम्ही वर राहता.”

मग त्याच्या तोंडून निघून गेलं. “चौदा वर्षांत एकदाही तुम्ही मला सणाला बोलावलं नाहीत.”

बाईंच्या हातातला दगड थांबला. “बोलावलं नाही म्हणजे?”

“निमंत्रण. मला कधी आलं नाही.”

स्ताथिस एवढ्या जोरात हसला की हातातला ट्रे वाजला. “अहो साहेब, नावाच्या सणाला कोण बोलावतं? मला कुणी बोलावलं? पाद्रीबाबांना कुणी बोलावलं? दार उघडं टाकतात ते काय मांजरांसाठी?”

बाई हसल्या नाहीत. “आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमच्यात बसणं कमीपणाचं वाटतं. आम्ही पहिला पेला भरला की तुमची खिडकी बंद. नवरा म्हणायचा, जाऊ दे त्याला. मी म्हणायचे, शेजारी आहे, ताट तरी धाडू. आणि तुम्ही ते रिकामं परत करायचात.”

“धुऊन!”

“रिकामं. त्यात एक लिंबू टाकलं असतंत तरी चाललं असतं. झाड आहे ना तुमच्या दारात?”

चूक झाली म्हणून एखाद्याने तिथेच बसकण मारली असती, दगड मागून घेतला असता. डेस्मंड म्हणाला, “हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.”

स्ताथिसने कप गोळा केले. बाईंनी पुढचं ऑलिव्ह घेतलं.

महिनाअखेरीला तो तटाबाहेर गेला. तिसरा मजला. त्या महिन्याच्या पत्रकात त्याने लिहिलं, की जुन्या गावातले लोक चौदा वर्षांतही माणसाला आत घेत नाहीत. लिफ्टचा उल्लेख नव्हता. अगदी खरंय, असं कळवणारी दोन पत्रं आली.

अकरा नोव्हेंबरला, मीनास नावाच्यांच्या सणाला, तो बाजारातून परतत होता. हातात स्वतःसाठी आणलेला केकचा खोका. कुणीतरी बटण दाबून ठेवल्यामुळे लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि दार उघडलं. समोर मीनास प्लंबरच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत माणसं, भाजलेल्या मांसाचा वास. या वेळी मध्ये एकही पायरी नव्हती, आणि रीत त्याला आता ठाऊक होती. डेस्मंड लिफ्टमध्येच उभा राहिला आणि कुणी आपल्याकडे बघतंय का ते बघू लागला.

“कोण आलंय गं?” आतून एका बाईने विचारलं.

एका मुलीने दारातून डोकं काढलं. तोवर लिफ्टचं दार मिटत आलं होतं.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “लिफ्ट आहे.”