धक्का न लागणारी गाडी

पोलादपूरला दवाखाना थाटून मला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतून बाळंतपणाचं बोलावणं आलं. सकाळची एसटी निघून गेली होती, म्हणून घाटाकडे चाललेल्या एका ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले. मी पोचेपर्यंत सुईणीने बाईला मोकळं केलं होतं. मूल छान रडत होतं. मी दोघांना तपासलं, गुळाचा चहा घेतला आणि फाट्यावर येऊन परतीच्या गाडीची वाट बघत बसले. दुपारची गाडी आली नाही. संध्याकाळचीही नाही. शेवटी पुन्हा वाडीत गेले आणि बाळंतिणीच्या सासूशेजारी घोंगडीवर आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर घरी पोचले. शेजारच्या बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मला कुलपाशी खटपट करताना बघून म्हणाल्या, "आज लवकर फिरून आलात वाटतं?"

मी रात्रभर घरी नव्हते, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. माझ्या खोलीतला दिवा रोज लागतो की नाही, हे कोणी का बघावं? पण हात-पाय धुऊन मी चूल पेटवली ती मनाशी ठरवूनच. आता गाडी घ्यायची.

ऐंशी सालानंतरचा तो काळ. नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून थांबा, आणि तेवढी माझी ऐपतही नव्हती. जुनीच बघावी लागणार होती. महाडला एका गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या बायकोला मी औषध देत असे. त्याच्याकडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?"

मला वाटलं, किती जणांना बसायचंय असं विचारतोय. म्हटलं, "मी एकटीच."

"मग अवघड हाय," तो म्हणाला. "जुन्या गाडीला सकाळचा धक्का लागतो, बाई. बॅटरी कधी मान टाकंल सांगता येत नाय. घरात दोन-चार माणसं असली तर चालून जातं. तुम्ही आत बसणार, मग मागून ढकलणार कोण?"

तो हसला, मीही हसले. पण एसटीत बसल्यावर ते बोलणं डोक्यातून जाईना. तोवर मी, गाडी पेट्रोल किती खाते, सुटे भाग कुठे मिळतात, असलीच चौकशी करत होते. आता माझी अट एकच राहिली. गाडीला धक्का लागायला नको.

पहिली पाहिली ती अँबॅसिडर. महाडच्या अलीकडे हमरस्त्यापासून थोडं आत एका बागायतदाराचं घर होतं. मिस्त्रीने सांगितलं, "सोबत बाप्या माणूस असू द्या," म्हणून नाते गावाहून आबांना बोलावून घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढून बौद्धवाडीतल्या घरी परतले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते धुतलेला कोट घालून आले. गाडीतलं त्यांना काही कळत नव्हतं, तरी हात मागे बांधून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

मालक सगळं त्यांनाच सांगत होते. "ताकद बघा हिची. घाट कसा हां हां म्हणता चढते."

"तिला सांगा," आबा म्हणाले. "घेणारी ती हाय."

मालकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुढचं पुन्हा आबांनाच सांगितलं. गाडी तीन-चारदा चावी फिरवल्यावर खोकत सुरू झाली. मग चहा आला. कपबश्या चांगल्या होत्या. मालकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

"नाते," मी म्हटलं.

"अरे वा! नात्यात कोणाच्यातले?"

आबांनी कप बशीत ठेवला. "बौद्धवाडीतले."

"अच्छा, अच्छा," मालक म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले की गाडीत मुंबईच्या भावाचाही वाटा आहे, त्याला विचारून निरोप धाडतो.

निरोप आला नाही. पुढे एकदा तीच गाडी महाडच्या बाजारात दिसली, दुसराच कोणी चालवत होता. पण त्या दिवशी आम्ही दोघं हमरस्त्यापर्यंत चालत आलो, तेव्हाच आम्हाला ते कळलेलं होतं. आबांनी कोट काढून हातावर घेतला. मग म्हणाले, "सीट मऊ होती." आणखी थोडं चालल्यावर म्हणाले, "नको ती आपल्याला, बाय. ढकलायला लागली असती."

दुसरी गाडी चवदार तळ्याजवळच्या एका घरात होती. सायीच्या रंगाची फियाट. मालक एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मिस्त्रीने आधीच बजावलं होतं, "म्हातारा विकतो विकतो म्हणतो, पण विकत नाय. तुमचा वेळ जाईल."

रविवारी मी एकटीच गेले. त्यांनी फाटक उघडलं, गाडीवरची जुनी चादर काढून नीट घडी केली, आत बसून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. शिवणयंत्रासारखा बारीक, एकसारखा आवाज. त्यांनी ती लगेच बंद केली आणि म्हणाले, "बसा, कोकम सरबत घेणार?" मग बोलत बसले. ते पावसाबद्दल बोलले, पुण्यातल्या मुलाबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. गाडीचं म्हणाल तर, "कागद शोधून ठेवतो, पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी कागद होते, पण त्यांना स्टेपनी दाखवायची राहिली होती. त्याच्या पुढच्या रविवारी या, म्हणाले. मला राग यायला हवा होता. आला नाही. रविवारी मला तरी दुसरं कुठे जायचं होतं?

तिसऱ्या वेळी मी पहिल्याच एसटीने निघाले आणि सांगितल्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचले. फाटकाशी थांबले. ते गाडीत बसले होते. इंजिन चालू होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. समोर कंपाउंडची भिंत होती आणि भिंतीवर कर्दळीची पानं झुकलेली. ते नुसते तसे बसून होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं, तरी उतरले नाहीत. उतरल्यावर चादर घालायला वळले तेव्हा मी दिसले.

ते ओशाळले. "रोज सकाळी थोडा वेळ चालू ठेवतो," म्हणाले. "ही गेल्यापासून कुठे जाणं होत नाही. पण यंत्र आहे. रोज विचारपूस केली नाही तर रुसतं."

गाडीला धक्का का लागत नाही, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मीही रोज सकाळी सुरू करीन. मला तर जायचंही असतं."

त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण?"

"कोणी नाही."

मिस्त्री हे ऐकून अवघड आहे म्हणाला होता. त्यांनी मात्र चादरीची घडी माझ्या हातात दिली. "मग तुम्ही घ्या," म्हणाले. किंमत त्यांनी एकदाच सांगितली. वाजवी होती, मी घासाघीस केली नाही.

मिस्त्रीनेच मला नदीकाठच्या मैदानात गाडी शिकवली. पोलादपूरच्या बाजारात बाई गाडी चालवते म्हणून पहिले काही दिवस लोक दुकानाच्या फळीवर येऊन उभे राहत, मग राहीनासे झाले. त्या गाडीतून मी कुठे कुठे गेले, किती बायकांना महाडच्या दवाखान्यात नेलं, याचा हिशेब नाही. बोलावणं असो नसो, सकाळी चहाच्या आधी मी अंगणात जाऊन ती सुरू करायची. तिने मला कधी दगा दिला नाही. घाटात दोनदा टायर बसलं तेवढंच, आणि ते मी स्वतः बदललं.

पुढच्या मार्चात चवदार तळ्यावरच्या मेळाव्याला वाडीतल्या म्हाताऱ्यांना न्यायचं आबांनी ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, याचं मला बरंच वाटलं. सकाळपासून मी नाते-महाड फेऱ्या मारत होते. पुढच्या सलग सीटवर दोघी, मागे चार-पाच जणी, मांडीवर एखादं नातवंड. आबांना म्हटलं, "पुढे बसा ना." ते मागेच बसले. म्हणाले, "पुढं बायका बसू दे."

तळ्याकडचे रस्ते माणसांनी भरले होते. फियाटचे जुने मालक फाटक उघडून उभे होते. "आत घ्या, आत घ्या," म्हणाले. "बाहेर कोणी आरसा मोडेल." फाटकाशी स्टुलावर पाण्याचा माठ भरून ठेवला होता, वर पेला पालथा घातलेला. वाडीतल्या बायका उतरल्या, पदर सारखे केले, पाणी प्यायल्या. त्यातली एक मला म्हणाली, "तू पन चल गो."

"कुलूप लावून येते," म्हटलं.

कुलूप लावून वळले तोवर त्या गर्दीत मिसळल्या होत्या. सगळीकडे पांढरी लुगडी. कोणत्या आमच्या, कळेना. मी पुढे पुढे गेले. ओळखीचे लोक भेटत होते. "जय भीम, डॉक्टरीणबाई," म्हणून हात जोडत होते आणि मला जाता यावं म्हणून बाजूला सरत होते. लहानपणी याच गर्दीत आबांच्या खांद्यावर बसून मी आले होते, तेव्हा कोणी सरलं नव्हतं. चेंगरत, धक्के खात आम्ही तळ्यापर्यंत पोचलो होतो. आता मला वाट मोकळी होती. मी पायऱ्या उतरले, पाण्याला हात लावला, आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी सगळ्यांना नात्याला परत पोचवलं. बायका उतरताना अजून सभेतल्या भाषणांबद्दलच बोलत होत्या, एकमेकींना हाका मारत घराकडे गेल्या. आबा शेवटी उतरले. खिडकीशी वाकून म्हणाले, "रहा की आज."

"सकाळी पेशंट येतील, आबा."

"हां," ते म्हणाले. गाडीच्या टपावर त्यांनी दोनदा थाप मारली, मुंबईत टॅक्सीला मारतात तशी.

अंधार पडायच्या आत पोलादपूर गाठायचं होतं. काचा वर करून निघाले. आत खोबरेल तेलाचा, मिशरीचा, घामाचा आणि चुरगळलेल्या अबोलीचा वास कोंडला होता. मार्चातला उकाडा होता, पाठ सीटला चिकटत होती. पण घरापर्यंत मी काचा खाली केल्या नाहीत.