पाळीवरचे रोडगे

नीलमने स्वेटरवरून ओढणी घट्ट बांधली आणि जीपमधून उतरणाऱ्या पाहुण्यांना पहिल्याच वाक्यात तंबी दिली, "भडक कपडे झाका, मोबाइल गप्प करा आणि मी हात वर केला की जागच्या जागी थांबा." अमरावतीची सगळी मंडळी वयाने तिच्याहून मोठी होती, पण ती कचरली नाही. कचरून चालणारच नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर तिने अमरावतीत राहून स्पर्धा परीक्षा दिल्या, पदरी काही पडलं नाही, तेव्हा गाशा गुंडाळून ती दर्यापूरजवळच्या आपल्या गावी आली आणि दुर्बीण गळ्यात अडकवून तलावावर फिरू लागली. पाहुण्यांना पाखरं दाखवून पोट भरायचं तिने ठरवलं होतं आणि ही तिची पहिलीच मंडळी. तिचे वडील श्रावण एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उधारी त्यांना शब्दांचीही चालत नसे. "हे लोकं खूश होऊन गेले तं ठीक," त्यांनी बजावलं होतं, "नाही तं संक्रांतीनंतर पुन्हा अमरावतीले क्लास लाव." नीलमने अट मान्य केली होती.

तिची सगळी भिस्त पट्टकदंबांवर होती. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस. हिवाळ्यात पाणी ओसरलं की गावकरी तलावाच्या उघड्या गाळात हरभरा पेरतात आणि त्या हरभऱ्याच्या कडेला हंस सकाळभर चरतात. रोज पहाटे येऊन तिने जागा हेरून ठेवली होती, तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीवरच्या बाभळीसमोरची.

मंडळी दबक्या पावलांनी पाळीवर चढली, तो समोर धूर. बाभळीखाली गोवऱ्या पेटलेल्या, आणि नीलमची आई ललिता शेजारणींना घेऊन रोडगे भाजायला बसलेली. हिवाळ्यात पाहुणे तलावावर येणार आणि निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी अन् तूप नाही, हे वऱ्हाडातल्या कुठल्या बाईला सहन होईल? पाण्यावर मात्र एकही हंस नव्हता.

"आई, कावून पेटवलं इथं? मले विचारायचं तरी!"

"तूच तं रोज सांगे, सगळ्यात चांगली जागा हेच हाये म्हणून," ललिता म्हणाली. "पाहुण्यांले का वाईट जागी बसवू?"

नीलमला रडूच कोसळणार होतं.

पाहुण्यांतले खुशालराव, निवृत्त मास्तर आणि खाण्याचे शौकीन, सतरंजीवर टेकलेसुद्धा. "जाऊ दे बेटा. पाखरं उद्या येतीन, रोडगे थंडे झाले तं काय मजा?" बाकीच्यांनीही चपला काढल्या. पलीकडे तुपाचा डबा घेऊन उभे असलेले वडील नुसते तिच्याकडे पाहत राहिले. ते पाहणं तिला झोंबलं.

"नाही काका," ती म्हणाली. "रोडगे निखाऱ्यात राहतीन गरम. धूर इकडं येऊन राहिला, म्हणजे हंस वाऱ्याच्या वरच्या अंगाले, नाल्याच्या तोंडाशी उतरले असतीन. तलावाले वळसा घालू. कोणी आलं नाही तं मी एकटी जातो."

आणि ती निघालीच. मग बाकीच्यांना बसून राहायची लाज वाटली.

काळी माती ती, बुटाला चिकटली की पाय मणाचा होतो. खुशालरावांची चप्पल गाळात रुतून बसली, ती उपसताना ते म्हणाले, "पोरी, धिंड काढून राहिली का आमची? मी परत जातो."

"जा ना काका. पण अर्ध्यावर आलो आपण. परतायची वाटही एवढीच हाये."

मागे कोणीतरी हसलं. नीलमला हसू येत नव्हतं. नाल्यावरही नसले तर? तर पुढच्या वळणावर पाहू, तिने स्वतःला दटावलं, पण रिकाम्या हाताने फिरायचं नाही.

नाल्याच्या बांधाजवळ तिने हात वर केला. सगळे थांबले. हलका, घोगरा कलकलाट ऐकू आला. बांधाआडून तिने डोकावलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. हंसांचा अख्खा थवा हरभऱ्यात माना घालून निवांत चरत होता.

दुर्बीण खुशालरावांच्या हाती गेली ती परत येईना. बऱ्याच वेळाने ते पुटपुटले, "हे हिमालयावरून आले, अन् मी चिखलाले रडून राहिलो."

त्यांच्या मागे, चपला हातात घेऊन, गुडघाभर माखलेले श्रावण उभे होते. ते मागोमाग येत असल्याचं नीलमच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिने खुशालरावांकडून दुर्बीण घेऊन वडिलांच्या हाती दिली. त्यांनी पाहिलं, काच पुसली, पुन्हा पाहिलं.

परतेपर्यंत रोडगे चांगलेच खरपूस झाले होते. खुशालरावांनी तक्रार केली नाही. जेवणं चालू असताना श्रावण बायकोला म्हणाले, "ललिता, पुढल्या ऐतवारी गोवऱ्यांचा आर पाळीच्या मांगं लाव, गावाच्या अंगाले. इकडं धूर नको."

नीलमचा घास हातातच राहिला. "बाबा, अन् संक्रांतीनंतरचा क्लास?"

"दर ऐतवारी पाहुणे आणशीन," ते तिच्या ताटात तूप ओतत म्हणाले, "तं क्लासले टाइम कुठं हाये तुले?"